तांबड्या चाकाचं पाणी

१

टाकळझरीत चौदा माणसं मेली, तेव्हा कुठे त्यांना पाणी तपासावंसं वाटलं. पाणी तपासणाऱ्याला लोक नेहमी असंच उशिरा बोलावतात. मग तो येतो, बाटल्या भरतो, चार ओळींचा अहवाल लिहितो आणि तो अहवाल फाइलला लागतो. नगरच्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं हेच करत आलो. नाव पोपळघट. स्वभाव तिरसट आहे असं घरचेच म्हणतात, तेव्हा खरं असावं.

१९७३ सालच्या एप्रिलमधला शुक्रवार. बाटल्यांची लाकडी पेटी मांडीवर घेऊन मी कर्जतकडे जाणाऱ्या एसटीने आलो आणि टाकळझरीच्या फाट्यावर उतरलो. पाऊस सलग दोन वर्षं तोंड फिरवून बसलेला. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत होत्या. सीना नदी म्हणजे गावाच्या पायाशी पसरलेली नुसती वाळू.

फौजदार घाटावरच भेटले. घाटाशेजारी पूरपातळी दाखवणारा सरकारी दगड होता, त्याच्या वरच्या भागाला तांबडा रंग दिलेला. कुणीतरी त्याला हार घातला होता आणि पुढे नारळ फोडला होता.

"हा कोणता देव?" मी विचारलं.

"पाटबंधारे खात्याचा," फौजदार म्हणाले. आम्ही दोघेही हसलो. त्या गावात मी हसलो तो तेवढाच.

हकिगत त्यांनी उभ्याउभ्याच सांगितली. दहा दिवसांपूर्वी, चैत्री पौर्णिमेला, भैरोबाची पालखी स्नानाला नदीवर आली. देवाला वाहत्या पाण्यातच स्नान घालायचं अशी इथली रीत. दोन यात्रा कोरड्या गेल्या होत्या. या वर्षी पालखी घाटावर आली आणि वरच्या अंगाने वाळूतून पाणी आलं. ढग नाही, थेंब नाही, तरी पाणी. लोक रडले, पालखीच्या पाया पडले, पाण्यात बसले, ओंजळीने तीर्थ प्यायले. तिसऱ्या दिवशी पटकीचा पहिला माणूस गेला.

"आणि ते पाणी आलं कुठून?"

फौजदारांनी नदीच्या वरच्या बाजूला बोट केलं. तीन फर्लांगांवर सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या भिंती दिसत होत्या. ते केंद्र मला चांगलं माहीत होतं. गावाची गटारं आधी एका मोठ्या हौदात येतात. हौदातून पाणी एका लांबट गोल चरात जातं. चरावर लोखंडी ब्रशांचा रहाट दिवसरात्र फिरतो आणि पाण्यात हवा घुसळतो. त्या हवेवर जगणारे सूक्ष्म जीव घाण खाऊन टाकतात. मग पाणी निवळतं, त्यात ब्लीचिंग पावडर पडते आणि निळ्या चाकाची झडप उघडली की ते नदीत जातं. दुसरी झडप कच्च्या हौदाची. तिचं चाक तांबडं. यंत्र बंद पडून हौद वर यायला लागला तरच ती उघडायची, कारण तिच्यातून सगळी घाण जशीच्या तशी नदीत जाते. जिल्ह्यात असं केंद्र दुसरं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ते सुरू झालं तेव्हा मीच तपासणीला आलो होतो आणि अकरा सूचना लिहून दिल्या होत्या. अकराच्या अकरा पाळल्या गेल्याचं नंतर कळलं. सरकारी कामात असं क्वचित घडतं, म्हणून मला जरा अभिमानही वाटला होता.

"तांबडी झडप उघडली होती," फौजदार म्हणाले. "उघडणाराही मिळालाय. केंद्राचा ऑपरेटर सहादेव. कबूल झालाय. तुम्ही फक्त त्या पाण्यात घाण होती एवढं लिहून द्या, म्हणजे सोमवारी मला त्याला कोर्टात उभा करता येईल."

"एवढ्यासाठी मला नगरहून आणलंत?"

"रविवारच्या आत संपवायचंय. देव कोपला म्हणून पाटलांनी, घरोघरी सुतक असतानाही, रविवारी पालखी पुन्हा नदीवर काढायचं ठरवलंय. आणि गावात बाया बोलतायत की देव परत पाणी देणार."

सहादेव कोठडीत होता. मग रविवारी पाणी येणार, असं बायांना कोण सांगत होतं?

२

सहादेव पस्तिशीतला, रुंद खांद्यांचा माणूस. मला तो आठवत होता. केंद्र सुरू झालं तेव्हा गाव त्याला 'गुवाचा इंजिनेर' म्हणून चिडवायचं. म्हणून हा रोज सकाळी येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर निळ्या झडपेचं पाणी पेल्यात घ्यायचा आणि गटागटा प्यायचा. असलं पाणी शेताला चालतं, पोटाला नाही, असं मी त्याला दोनदा बजावलं होतं. तो नुसता हसायचा.

आता कोठडीत तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"सहादेव, काय झालं ते सांग."

"सांगितलंय की फौजदारसायबास्नी. सकाळी सहाला हौद वर आलता म्हून तांबडं चाक उघडलं. आन् पालखीला गेलो. बंद करायचं इसारलो. धाला ध्यानात आलं, तवा पळत येऊन बंद केलं."

"हौद वर आला होता? गावाला दिवसाआड तासभर नळ येतो. हौद अर्धासुद्धा भरत नसेल."

त्याने नखाने भिंतीचा पोपडा उकरला.

"तू कधी काही विसरलेला मला आठवत नाही. पावडरीची पाटी दहा मिनिटं उशिरा पडली तर तू वहीत लिहून ठेवायचास."

"मानूस इसारतो सायेब."

"घरचं कुणी आजारी पडलं का?"

"पोरगी गेली. कमळी. चार वर्साची हुती. लगीन झाल्यावर नऊ वर्सांनी झाल्ती." मग त्याने एकदम मान वळवली. "मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पर माज्या घरला जाऊन कुनाला काय इचारू नगा. ती आदीच अर्धी झालीया."

माझ्या कामात माणसं खोटं बोलतात ती अंगावरचं झटकण्यासाठी. हा माणूस अंगावर ओढून घेत होता. मी बाहेर येऊन फौजदारांना म्हटलं, उद्या सकाळी मला तासभर निळी झडप उघडू द्या आणि घाटावर घड्याळ घेऊन एक हवालदार उभा करा.

३

शनिवारी सकाळी सात वाजता बन्सीने निळं चाक फिरवलं. बन्सी म्हणजे सहादेवच्या हाताखालचा कामगार. चाळिशीचा, बोलायला फटकळ. पाणी वाळूत उतरलं आणि कोरड्या नदीत सरपटत पुढे निघालं. वाळू ते अर्धं पिऊनच टाकत होती. घाटावर हवालदाराच्या बुटाला पाणी लागलं तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती.

कच्चा हौद याहून मोठा, त्याचा लोंढाही मोठा. म्हणजे तांबड्या झडपेचं पाणी पन्नास मिनिटांच्या आतच पोचलं असणार. सहाला झडप उघडली असती तर सातला घाट वाहायला लागला असता.

"बन्सी, त्या दिवशी तू काय पाहिलंस?"

"धा वाजलं असतील. मी कामावर आलो तर सहादेव तांबडं चाक फिरवत हुता. घामानं भिजल्याला, पाय चिखलानं भरल्यालं. मला म्हनला, कुनाला बोलू नगस. मंग पोरं मेली तवा मी फौजदाराला सांगितलं. काय चुकलं?"

"तो चाक उघडत होता की लावत होता?"

बन्सी थबकला. "ते न्हाई बघितलं. फिरवत हुता."

"घाटावरचं पाणी तू प्यायलास?"

"न्हाई."

"का? सगळं गाव प्यायलं. त्या पाण्यात काय आहे ते तुला माहीत होतं म्हणून?"

हा प्रश्न मी मुद्दामच टोचून विचारला. कारण गावात तेव्हा धडधाकट राहिलेल्या थोड्या माणसांत बन्सी होता, आणि केंद्राची चाकं त्याला झोपेतही फिरवता आली असती.

बन्सीने माझ्याकडे नीट पाहिलं. "सायेब, आमी दोगं एकाच हौदात उतरतो. पर त्यो पाटलाच्या भावकीतला, त्येच्या खांद्यावर पालखीचा दांडा. मी येशीभायेरचा. मी हुबा हुतो घाटापासनं लांब, त्या बाभळीखाली. तिथवर तीर्थ कोन आनून देतंय? आन् तिथनं पान्याचा रंगबी दिसत न्हाई." मग तो थुंकला. "न्हाई दिलं म्हून वाचलो. आता हेबी गुन्ह्यात धरा."

मी मान खाली घातली.

४

कारभारी पाटील नगराध्यक्षही होते आणि यात्रेचे मानकरीही. ओट्यावर बसले होते, डोकं भादरलेलं. त्यांची आई यात्रेनंतर सातव्या दिवशी गेली होती.

गावात मला दोघांनी हळूच सांगितलं होतं की पाटलांचाच हात असणार. यात्रेच्या आधी त्यांनी सहादेवला केंद्रातलं पाणी नदीत सोडायला सांगितलं होतं आणि त्याने ते नाकारलं होतं. केंद्राची दुसरी किल्लीही पाटलांकडेच असायची. कच्च्या पाण्याच्या चाकाला कुलूप नव्हतं, पण केंद्राच्या फाटकाला होतं.

"मागितलं हुतं पाणी," पाटील म्हणाले. "लपवून काय करू? निळ्या चाकाचं मागितलं हुतं. सहादेव म्हणाला, नळ कमी आल्यामुळं निवळल्यालं पाणी थोडंच हाय, ते वाळूच पिऊन टाकील. त्यात देव भिजायचा न्हाई. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे."

"पाणी घाटावर नक्की कधी आलं?"

"पालखी सातला देवळातनं हलली. नवाला घाटावर आली. आमच्या बाया पहाटेपासून घाटावर सडा-रांगोळी करत हुत्या. साडेआठपर्यंत वाळू कोरडी ठणठणीत. आन् पालखी आली तसं पाणी आलं. म्हणून तर लोकांनी देव पावला म्हटलं ना!"

"सातपासून सहादेव कुठे होता?"

"पुढच्या दांड्याला. दोन तास. गाव साक्षी हाय." बोलताबोलता पाटलांना स्वतःलाच ते कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे त्यानं न्हाई उघडलं?"

"सव्वाआठच्या सुमाराला उघडलं कुणीतरी. तेव्हा त्याच्या खांद्यावर देव होता."

"मग त्यो कबूल का झाला?"

"पाटील, पाण्याला वास नव्हता का?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. "हुता. गढूळबी हुतं. पण पहिल्या लोंढ्याचं पाणी गढूळच असतंय. दोन वर्सांनी आल्याल्या पाण्याला नाव कोण ठेवणार? आईला चालवत न्हवतं. मी माझ्या हातानं तिला ओंजळ पाजली."

हा माणूस ते पाणी जाणून सोडणारा नव्हता. जाणून सोडणारा माणूस ते आईला पाजत नाही. मी उठलो तेव्हा ते अजून आपल्या तळहातांकडेच बघत होते.

५

बन्सीला घेऊन मी पुन्हा केंद्रावर गेलो. तांबड्या झडपेपासून वीसेक पावलांवर एक कुंड आहे. कच्चं पाणी तिथे जाळीतून जातं आणि मग नदीत पडतं. चिंध्या, पालापाचोळा अडकावा म्हणून ती जाळी. मला तिथला गाळ बाटलीत घ्यायचा होता, बाकी काही मनात नव्हतं.

बन्सीने आकडीने जाळी खरवडली. काळ्या चिखलातून आधी एक नारळ आला. मग हिरव्या खणाचा बोळा. बोळा सोडला तर आत हळकुंड, सुपारी आणि कुजून गेलेले तांदूळ.

"जत्रेतलं आसंल," बन्सी म्हणाला. "बायांनी नदीची वटी भरली आसंल."

"घाट खाली आहे, बन्सी. पाणी वर चढतं का?"

बन्सीच्या हातातली आकडी तशीच राहिली.

मी कुंडाच्या कठड्यावर बसलो आणि मनाशी जुळवायला लागलो. ही ओटी इथे, झडपेच्या तोंडाशी सोडलेली. म्हणजे पाणी येणार हे तिला घाटावरच्या लोकांच्या आधी माहीत होतं. ओटी भरणारी सवाष्ण बाई. फाटक न तोडता आत आलेली. आणि ओटी कुणी गटाराची भरत नाही. ती नदीची भरतात, गंगेची भरतात. म्हणजे जिने चाक फिरवलं तिच्या मते ते पाणी पवित्र होतं. केंद्रातलं पाणी चांगलं असतं, तिचा माणूस रोज पेला भरून पितो, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

मग निळं चाक सोडून तिने तांबडं का फिरवलं?

मी मान वर केली. तांबडं चाक समोरच होतं. त्याच्या मध्यावर ताज्या झेंडूचं एक फूल ठेवलेलं होतं. आजच्या सकाळचं.

माझ्या डोळ्यांपुढे घाटावरचा तो हार घातलेला सरकारी दगड आला.

या मुलखात दगडाला तांबडा रंग दिसला की माणूस पायताण काढून हात जोडतो. वेशीवरचा मारुती तांबडा, बांधावरचा म्हसोबा तांबडा, झाडाखालची सटवाई तांबडी. तांबडा म्हणजे दूर हो, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या तांबडा म्हणजे जवळ ये.

केंद्राच्या आवारात दोन खोल्यांचं एकच क्वार्टर होतं. त्याच्या दाराशी तुळशीजवळ झेंडूची दोन रोपं होती. दुष्काळात कुणीतरी त्यांना पाणी घालून जगवलं होतं.

६

मनकर्णा दारातच बसली होती. सहादेवची बायको. तीस-बत्तीस वर्षांची असेल, पण डोळे म्हातारीचे. वळचणीला एक लहानसं परकर-पोलकं अजून वाळत होतं. ते काढायला तिचा हात धजावला नव्हता.

मी खाली जमिनीवरच बसलो. "मनकर्णाबाई, मी नगरहून आलोय. पाणी तपासायला. तुमच्याशी पोलीस बोलले का?"

"मला कुनी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "आले, मालकांना घेऊन गेले."

"कमळीसाठी काही नवस होता का?"

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहू लागली. "तुमास्नी कुनी सांगितलं?"

"ओटी सापडली."

तिला भीती वाटली नाही. उलट कुणीतरी विचारल्याचं बरंच वाटलं. "नऊ वर्सांनी लेक झाली. बोलले हुते, चालायला लागली की पालखीखाली व्हात्या पान्यात न्हाऊ घालीन. चालायला लागली आन् नदी आटली. एक जत्रा गेली, दुसरी गेली. पोरीच्या पायातलं बळ जायला लागलं. बसल्या जागी पडायची. आता तिसरी जत्रा. सायेब, देव किती दिस वाट बघंल?"

"मग?"

"पालखी देवळातनं निगाली. मालक दांड्याला. मी हितं एकटी. शेंदराच्या चाकाला हळद-कुंकू वाह्यलं, वटी सोडली, चाक फिरवलं. लई जड हुतं. पानी आलं. मंग कमळीला कडंवर घेतलं आन् घाटावर पळाले. न्हाऊ घातली. हासली बगा. लई दिसांनी हासली." तिने वळचणीच्या परकराकडे पाहिलं. "देवानं नवस घेतला. पर आमी उशीर केला हुता. म्हून तिला नेली."

"निळ्या चाकाचं पाणी का नाही सोडलं?"

"त्ये रोजचं," ती साधेपणाने म्हणाली. "देवाचं चाक तांबडं. त्येला शेंदूर हाय."

"सहादेवला हे माहीत आहे?"

"त्यांनी सांगितलं, नवसाची गोष्ट बोलू नगं, पुन्य जातंय. म्हून बोलले न्हाई. पर बायांना म्हनलं, भिऊ नगा, उद्या देव परत पानी दील." तिने चाकाच्या दिशेने हात जोडले. "उद्या परत सोडते. मोठी वटी भरीन. गावावरचं इघ्न जाईल. मालक सुटतील."

७

कोठडीत मी सहादेवला फक्त तो हिरवा खण दाखवला. तो गुडघ्यांत डोकं घालून ढसाढसा रडला.

"पानी बघितलं आन् वासावरनं वळखलं. समोर ती कमळीला न्हाऊ घालत हुती. वरडावं वाटलं. पर खांद्यावर देव हुता सायेब. पालखी खाली टेकवता येत न्हाई. आन् वरडून काय सांगू? ह्यो देव न्हाई, गू हाय म्हून? तवर निम्म्या गावानं ओंजळी भरल्या हुत्या. स्नान झाल्यावर पळत येऊन बंद केलं. मीच रोज पेला पिऊन दावत हुतो ना. माजंच पाप हाय. तिला सांगू नगा. नदीला पानी न्हाई, पर हीर हाय गावात."

नगरपालिकेत जाऊन मी केंद्राची फाइल काढायला लावली. खरं तर गरज नव्हती. मला उत्तर माहीत होतं, तरी डोळ्यांनी बघायचं होतं. कारकुनाने धूळ झटकून कागद पुढे ठेवला. सूचना क्रमांक सात: कच्च्या सांडपाण्याच्या झडपेचे चाक धोक्याची खूण म्हणून ठळक तांबड्या रंगाने रंगवावे. खाली सही. पोपळघट. अक्षर माझं, वळणदार, दोन वर्षांपूर्वीचं.

तिथेच बसून मी अहवाल लिहिला. झडप सव्वाआठच्या सुमारास उघडली गेली, त्या वेळी सहादेव पालखीखाली होता, सबब त्याचा कबुलीजबाब खोटा. झडप उघडणारी व्यक्ती निष्पन्न झाली नाही. सत्तावीस वर्षांत अहवालात लिहिलेलं हे माझं पहिलं खोटं. शेवटी लिहिलं: अपघाताचं कारण चाकाला दिलेला रंग, रंगाची सूचना निम्नस्वाक्षरीकाराची, त्याची चौकशी व्हावी. ती आजतागायत कुणी केली नाही.

फौजदारांनी अहवाल दोनदा वाचला. मग सहादेवला सोडायचा कागद केला.

एक काम उरलं होतं. उन्हं कलायच्या आत मी रॉकेल आणि विटेचा तुकडा घेऊन तांबड्या चाकाशी बसलो. ते बन्सीवर सोपवणं मला जमलं नसतं. तसंच ठेवून जाणं तर त्याहून जमलं नसतं, कारण उद्या सकाळी तिने पुन्हा ओटी भरली असती. रंग निघत होता, पापुद्रे पडत होते, खालचं काळं लोखंड दिसायला लागलं होतं.

पाठीमागे बांगड्या वाजल्या. मनकर्णा उभी होती, हातात फूल.

"सायेब, शेंदूर का काडताय?"

"शेंदूर नाही, बाई. रंग आहे. आम्हीच दिलेला. मीच द्यायला सांगितला."

"मंग त्यो देव न्हाई?"

"नाही."

तिने चाकाकडे पाहिलं. मग चाकाखालच्या झडपेकडे, झडपेपलीकडच्या हौदाकडे. हौदात गावाची घाण बुडबुडे काढत होती. दोन वर्षं ती इथेच राहिली होती, पण तो हौद आणि हे चाक तिने मनात कधी जोडून पाहिलं नव्हतं. आता जोडलं. मी बघत होतो आणि मला काही करता येत नव्हतं.

"मंग माजी कमळी कशात न्हाली, सायेब?"

सत्तावीस वर्षं लोक मला हाच प्रश्न विचारत आले होते, पाण्यात काय आहे म्हणून. प्रत्येकाला मी लेखी उत्तर दिलं होतं. मी विटेचा तुकडा खाली ठेवला.

"मालकांना ठावं हुतं?" तिने हळूच विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. ती वळली आणि क्वार्टरकडे चालत गेली. सहादेव तेवढ्यात फाटकातून येत होता. त्या रात्री ते दोघे काय बोलले, की बोललेच नाहीत, ते मला माहीत नाही. मी धर्मशाळेत जागा होतो आणि दर तासाला विहिरीपर्यंत जाऊन येत होतो.

रविवारी पालखी कोरड्या वाळूत उतरली. पाणी आलं नाही. टँकरच्या दोन घागरींनी देवाला स्नान घातलं. लोक म्हणाले, देव कोपला तो कोपलाच. पुढच्या दांड्याला सहादेव होता आणि त्याची नजर खाली होती.

मनकर्णाही आली होती. बायांच्या घोळक्यात मी तिला शोधलं, ती तिथे नव्हती. मग दिसली. लांब, बाभळीखाली, बन्सीपासून दोन हातांवर उभी. गुरव तीर्थाचा तांब्या घेऊन बायांना वाटत वाटत, तिला लांबून ओळखून, चार पावलं पुढे गेला, बाभळीच्या सावलीपाशी थांबला आणि त्याने तिथून तिला हाक मारली.

तिने हात पुढे केला नाही.